डहाणू-तलासरीच्या दमट पावसात मासेमारीसाठी रेनकोट कसा निवडावा?

पाऊस लागला की आपल्या भागातल्या बऱ्याच घरांत एकच प्रश्न येतो. मुलगा, भाऊ किंवा घरधनी खाडीवर, बोटीवर, नाहीतर धरणाच्या पाण्यावर जाणार. त्याला रेनकोट कुठला घ्यायचा? दुकानात शंभर-दीडशे रुपयांच्या प्लास्टिकपासून काही हजारांच्या परदेशी जॅकेटपर्यंत सगळं टांगलेलं असतं. दुकानदार म्हणतो, "एकदम वॉटरप्रूफ." दोन तासांनी माणूस घरी येतो तो आतून-बाहेरून चिंब. मग आपण म्हणतो, रेनकोट गळका निघाला.

बहुतेक वेळा तो गळका नसतो. आतलं पाणी घामाचं असतं. आपल्याकडच्या पावसाची ही गोष्ट आधी समजून घेतली, तर पैसे वाया जात नाहीत आणि जिवाची हिफाजतही नीट होते. या लेखात तेच एकेक करून पाहू.

आपल्याकडे पावसात मासेमारी कोण आणि केव्हा करतं?

पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिक बोटींना मासेमारी बंदी असते. हा माशांच्या विणीचा काळ, आणि समुद्रही खवळलेला. बिगरयांत्रिक, पारंपरिक होड्यांना या बंदीतून सूट आहे. म्हणजे पावसातली मासेमारी मुख्यतः तीन प्रकारची.

एक, जून-जुलैत खाडीच्या तोंडाशी, ओढ्यांत, नदीत आणि धरणावर चालते ती. पहिल्या पावसात मासे पाण्याच्या उलट दिशेने चढतात. त्यांना आपल्याकडे वलगणीचे मासे म्हणतात, आणि ते धरायला तलासरीच्या पाड्यांपासून डहाणूच्या शेतांपर्यंत माणसं रात्री-अपरात्री पाण्यात उतरतात. वरोली नदी, दापचरीजवळचं कुर्झे धरण, डहाणूची खाडी ही नेहमीची ठिकाणं.

दोन, बंदी उठल्यानंतर ऑगस्ट-सप्टेंबरात बोटी निघतात तेव्हाची. धाकटी डहाणू, झाई, चिंचणी, वरोर इथल्या बोटी तर जातातच. शिवाय आपल्या दोन्ही तालुक्यांतले कितीतरी तरुण वेरावळ, पोरबंदर, ओखा इथल्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. मोसमाचे पहिले आठवडे पावसातलेच असतात.

तीन, हौसेची. सुट्टीच्या दिवशी गळ घेऊन खाडीवर किंवा पुलाजवळ बसणारी आपली पोरं.

या तिघांची गरज एकसारखी नाही. म्हणून "सगळ्यात चांगला रेनकोट कुठला" या प्रश्नाला एकच उत्तर नाही. "कुठल्या कामाला कुठला" असं विचारलं की उत्तर सापडतं.

खरी अडचण पावसाची की घामाची?

जुलैत दोरीवर टाकलेला टॉवेल दोन-दोन दिवस वाळत नाही, हे प्रत्येक घराला माहीत आहे. हवेत आधीच इतका ओलावा असतो की टॉवेलातलं पाणी हवेत जाईना. आपल्या अंगावरच्या घामाचंही तेच होतं.

घाम सुकतो तेव्हा अंग थंड होतं. घाम सुकलाच नाही, तर तो नुसता वाहतो आणि अंग तापत राहतं. उन्हापावसाच्या दमट दिवसांत जाळं ओढणारा माणूस तासाला अर्धा ते एक लिटर घाम सहज गाळतो. त्याच्या अंगावर हवाबंद प्लास्टिक चढवलं, तर तो घाम जाणार कुठे? कोटाच्या आतल्या बाजूला थेंब धरतात, कपडे भिजतात, आणि माणसाला वाटतं पाऊस आत आला.

ही तक्रार नवी नाही. स्कॉटलंडमधल्या चार्ल्स मॅकिंतोश यांनी 1823 मध्ये दोन कापडांच्या मधे रबराचा थर देऊन पाणी न शिरणारं कापड काढलं. तेव्हाही वापरणाऱ्यांची ओरड होतीच, की यात घाम फार येतो. नॉर्वेत हेली हॅन्सन यांनी 1877 पासून जवसाच्या तेलात भिजवलेल्या कापडाचे कोट दर्यावर्दींसाठी बनवले. आपल्या देशात सुरेंद्रमोहन बोस यांनी 1920 मध्ये सुरू केलेल्या बेंगॉल वॉटरप्रूफचा 'डकबॅक' हा छाप कित्येक पिढ्यांनी वापरला. हे सगळे कोट पाणी अडवण्यात पक्के. पण नॉर्वेच्या थंडीत जो कोट ऊब देतो, तोच डहाणूच्या ऑगस्टमध्ये भट्टी होतो.

म्हणून पहिली गोष्ट मनाशी पक्की करू. आपल्या हवेत मेहनतीचं काम करताना पूर्ण कोरडं राहणं शक्यच नाही. रेनकोटकडून तीन कामं मागायची: वाऱ्याचा मारा अडवावा, आतली गरम हवा बाहेर जाऊ द्यावी, आणि माणसाच्या हालचालीला अडथळा करू नये. कोरडेपणा मिळेल तेवढा मिळेल.

इरल्यापासून शिकण्यासारखं

आपल्या भागातले आदिवासी शेतकरी भातलावणीला इरलं वापरत आले आहेत. बांबूच्या काड्यांचा सांगाडा, त्यावर पानांचं आच्छादन. डोक्यावरून पाठीपर्यंत येणारं, पुढून आणि खालून पूर्ण उघडं. वाकून काम करणाऱ्याच्या पाठीवर पाऊस पडत नाही, आणि खालून वारा खेळता राहतो. घाम कोंडत नाही.

इरलं घालून बोटीवर काम होणार नाही, ते उघड आहे. पण त्यामागचा विचार आजही बरोबर आहे: पाऊस जिथून पडतो तिथे झाका, बाकी ठिकाणी हवेला वाट ठेवा. आजचा रेनकोट निवडताना हाच नियम लावायचा.

बाजारात मिळणारे प्रकार

*पातळ प्लास्टिकचा कोट.* अगदी स्वस्त, घडी करून खिशात मावतो. गळाच्या एका टोकानेही फाटतो. हवा अजिबात जात नाही. अचानक सर आली तर पिशवीत असावा, इतकाच त्याचा उपयोग. कामाचा कोट म्हणून घेऊ नका.

*जाड पीव्हीसीचा पँट-शर्ट.* बोटीवर सर्रास दिसतो. मासळीचा चिखल, खवलं, डिझेलचे डाग धुऊन निघतात, जाळ्याच्या घर्षणाला टिकतो. पण जड आणि फार गरम. भर दुपारी तो पूर्ण घालून जाळं ओढणं म्हणजे चक्कर ओढवून घेणं. पहाटेच्या वाऱ्यात, लाटांचे शिंतोडे उडत असताना मात्र याला तोड नाही.

*नायलॉन किंवा पॉलिएस्टरचा हलका कोट, आतून लेप दिलेला.* वजन पीव्हीसीच्या निम्म्याहून कमी. मऊ, घडी होणारा, लवकर वाळणारा. आपल्या हवेत बहुतेकांसाठी हाच योग्य, अट एकच: काखेत किंवा पाठीवर हवेसाठी फटी असाव्यात आणि शिवणींना आतून टेप असावी.

*ब्रीदेबल म्हणजे 'श्वास घेणारं' जॅकेट.* यात पाण्याचा थेंब अडवणारा, पण वाफ जाऊ देणारा पातळ पडदा असतो. अमेरिकेत बॉब गोर यांनी 1969 मध्ये शोधलेल्या पदार्थापासून 'गोर-टेक्स' निघालं, आणि 1976 पासून ते बाजारात आहे. महाग वस्तू. हिच्याबद्दल पुढे सविस्तर.

*पोंचो.* डोक्यातून घालायची मोठी चादर. खालून उघडी, म्हणून सगळ्यात हवेशीर. काठावर शांत बसून गळ टाकणाऱ्याला उत्तम. पण बोटीवर पोंचो घालून जाऊ नका. वाऱ्यात तो शिडासारखा फुगतो, इंजिनाच्या पट्ट्यात किंवा जाळं ओढायच्या यंत्रात अडकू शकतो, आणि पाण्यात पडल्यावर हातपाय गुंडाळतो.

महागडं 'श्वास घेणारं' जॅकेट आपल्याकडे चालतं का?

परदेशातून येणारे नातेवाईक अशी जॅकेटं प्रेमाने आणतात. ऑनलाइनही ती दिसतात. घ्यायची की नाही, हे ठरवण्याआधी ती चालतात कशी ते बघू.

पडद्यातून वाफ आपोआप बाहेर जात नाही. आत वाफेचा दाब जास्त आणि बाहेर कमी असेल, तरच ती बाहेर जाते. युरोपात बाहेर 10 अंशांची थंडी असते, तिथल्या हवेत वाफ फार मावत नाही. अंगाजवळ 35 अंश, बाहेर 10 अंश. फरक मोठा, म्हणून वाफ भराभर निघते. आपल्याकडे पावसात बाहेर 28 अंश आणि हवेतला ओलावा 90 टक्के. इथे आतल्या-बाहेरच्या दाबातला फरक तिथल्या निम्म्याहूनही कमी उरतो. टॉवेल वाळत नाही त्याचंच हे दुसरं रूप.

त्यात आणखी दोन गोष्टी. जॅकेटच्या बाहेरच्या कापडावर पाणी ओघळून जावं म्हणून एक लेप असतो. तो झिजला की कापड पाणी पितं, आणि ओल्या कापडातून वाफ फारशी जात नाही. शिवाय मिठाचं पाणी आणि माशांचं तेल यांनी हे कापड लवकर खराब होतं. हे जॅकेट डोंगर चढणाऱ्याला जितकं टिकतं, तितकं मासळीच्या कामात टिकत नाही.

मतलब, फुकट मिळालं असेल तर जरूर वापरा. पण त्यासाठी घरखर्चातून हजारो रुपये काढू नका. काखेखाली चेन उघडून वारा आत घेणारा साधा हलका कोट आपल्या हवेत जास्त काम देतो. उरलेले पैसे कशावर घालायचे, ते खाली लाइफ जॅकेटच्या भागात सांगितलं आहे.

लेबलवरचा 'एमएम'चा आकडा

काही कोटांवर 2000 एमएम, 5000 एमएम, 10000 एमएम असं लिहिलेलं असतं. हे कापडाच्या जाडीचं माप नाही. कापडावर पाण्याचा उभा स्तंभ धरला, तर किती मिलीमीटर उंचीपर्यंत पाणी आत झिरपत नाही, त्याचा तो आकडा. 2000 एमएम म्हणजे दोन मीटर उंचीचा स्तंभ.

उभ्याने काम करताना पावसाच्या थेंबांचा दाब फार नसतो. पण ओल्या फळीवर बसलात, गुडघे टेकलेत, किंवा खांद्यावर टोपलीचा पट्टा आला, की त्या जागी दाब वाढतो आणि पाणी तिथूनच झिरपतं. म्हणून शर्टाला मध्यम आकडा चालेल, पँट मात्र बसायच्या आणि गुडघ्याच्या जागी मजबूत हवी. आकड्यापेक्षा शिवण महत्त्वाची. कापड कितीही भारी असलं, तरी सुईच्या भोकांवर टेप नसेल तर पाणी तिथून येणारच.

कामाप्रमाणे निवड

*काठावर किंवा पुलाजवळ गळ टाकणाऱ्यांसाठी:* हालचाल कमी, बसणं जास्त. पोंचो किंवा गुडघ्यापर्यंतचा सैल हलका कोट. खाली पँट नसली तरी चालते, अर्धी चड्डी पुरे. पाय भिजले तर भिजू द्या, ते लवकर वाळतात.

*पाग फेकणाऱ्यांसाठी:* खांदे आणि हात पूर्ण फिरले पाहिजेत. कमरेपर्यंतचा, काखेत सैल, बाह्यांच्या तोंडाशी वेल्क्रोचा पट्टा असलेला कोट. लोंबणारी दोरी, मोठी बटणं, बाहेरचे उघडे खिसे नकोत. जाळं त्यातच अडकतं आणि माणसाला सोबत ओढतं. बिनबाह्यांचा कोटही इथे चांगला चालतो. हात तसेही भिजणारच आहेत.

*डोल जाळ्याच्या किंवा लांब पल्ल्याच्या बोटीवर:* दोन जोड ठेवा. पहाटे आणि रात्री वाऱ्यात पीव्हीसीची छातीपर्यंतची पँट, वर हलका शर्ट. दिवसा काम सुरू झालं की नुसती पँट, वर पातळ पूर्ण बाह्यांचा टीशर्ट. मासळी, बर्फ आणि घाण पोटापासून खालीच लागते, म्हणून तिथे जाड कापड हवं. वरचा भाग हलका ठेवला की उष्णता बाहेर पडते.

*ओढा, नदी, धरण:* पाण्यात उतरायचं असेल तर रेनकोटची पँट घालूच नका. तिच्यात पाणी भरतं आणि चालणं जड होतं. वर आखूड कोट, खाली चड्डी, पायात पट्ट्याची मजबूत सँडल.

*मासळी विकणाऱ्या आणि किनाऱ्यावर काम करणाऱ्या बायकांसाठी:* घोट्यापर्यंतचा लांब कोट पायात येतो. साडी असो, सलवार-कमीज असो की बुरखा, त्यावर पोटरीच्या मध्यापर्यंत येणारा, बाजूला चीर असलेला सैल कोट बरा. सहा-सहा तास एका जागी बसणारीला मोठी छत्री किंवा ताडपत्रीचा आडोसा कोटापेक्षा जास्त सुख देतो.

रंग आणि टोपी

काळा, निळा, राखाडी रंग मळत नाही म्हणून घरातली मंडळी तोच निवडते. समुद्रावर हेच रंग घातक. पावसात पाणी आणि आभाळ दोन्ही राखाडी असतात. पाण्यात पडलेल्या माणसाचं फक्त डोकं आणि खांदे वर दिसतात. केशरी, पिवळा, पोपटी रंग लांबून दिसतो. बोटीवर जाणाऱ्यासाठी दुसरा रंग घेऊच नका. कोटावर चकाकणाऱ्या पट्ट्या असतील तर रात्री टॉर्चच्या उजेडात माणूस चटकन सापडतो.

कोटाची टोपी मोठी आणि मागे पट्ट्याने आवळता येणारी हवी. नाहीतर आपण मान वळवतो आणि टोपी समोरच राहते. बाजूची दोरी, बोट, लाट दिसत नाही. आत पुढे झापड असलेली साधी कॅप घातली तर टोपी डोळ्यांवर येत नाही. टोपीने कान झाकले जातात हेही ध्यानात ठेवा. काम चालू असताना तांडेलाची हाक ऐकू आली पाहिजे. वारा फार नसेल तर नुसती कॅप घालून टोपी मागे टाका.

खाडीच्या चिखलावर लांब जाणाऱ्यांसाठी हे आणखी महत्त्वाचं. खंबातच्या आखाताकडे जावं तसा भरती-ओहोटीतला फरक वाढत जातो, आणि आपला किनारा सपाट. भरतीचं पाणी मागच्या नाल्यातून आधी भरतं. टोपीत कान-डोळे बंद करून बसलेल्याला ते उशिरा कळतं.

लाइफ जॅकेट: पैसे इथे घाला

13 जानेवारी 2018 रोजी डहाणूच्या समुद्रात विद्यार्थ्यांना घेऊन निघालेली बोट उलटली आणि तीन मुलींचे जीव गेले. तो दिवस पावसाळ्यातला नव्हता. वर्गात रोज मुलांसमोर उभं राहणाऱ्या माणसाला ही बातमी विसरता येत नाही. समुद्र ऋतू बघून माणूस ओढत नाही, आणि किनाऱ्यावर वाढलेल्यालाही पोहता येतंच असं नाही. पोहता येणारासुद्धा डोक्याला मार लागला, तर पोहू शकत नाही.

म्हणून महाग जॅकेटचा विचार सोडून वाचलेले पैसे लाइफ जॅकेटवर घाला. तीन गोष्टी सांभाळायच्या.

पहिली, लाइफ जॅकेट नेहमी रेनकोटच्या वरून. उकडतं म्हणून आत घालणारे असतात. हवेने फुगणारं जॅकेट बंद कोटाच्या आत फुगलं तर छाती आवळतं आणि श्वास कोंडतो. फोमचं जॅकेटही आत असेल तर नीट वर धरत नाही, आणि त्याचा केशरी रंग दिसत नाही.

दुसरी, माप. रेनकोट घालूनच जॅकेट मापून बघा. कुणीतरी खांद्यांना धरून वर ओढावं. ते हनुवटीवर सरकलं तर सैल आहे. दोन्ही पायांच्या मधून जाणारा पट्टा असेल तर तो बांधायचाच. मुलांसाठी मुलांच्या वजनाचंच घ्या, "पुढच्या वर्षी बसेल" म्हणून मोठं नको.

तिसरी, अंगावर. बोटीच्या फळीखाली ठेवलेल्या जॅकेटचा पाण्यात पडणाऱ्याला उपयोग नाही.

आत काय घालावं, पायात काय?

आत सुती बनियन नको. सुती कापड पाणी धरून ठेवतं, अंगाला चिकटतं आणि घासून काखेत, मांड्यांत पुरळ उठतं. खेळाडू घालतात तसा पातळ पॉलिएस्टरचा पूर्ण बाह्यांचा टीशर्ट बरा. तो लवकर वाळतो, ऊन आणि मिठापासून कातडीही जपतो. रात्रीच्या कामाला एक कोरडा टीशर्ट आणि टॉवेल बंद पिशवीत ठेवा. उकाड्याचा देश असला तरी भिजलेलं अंग, रात्र आणि बोटीवरचा वारा एकत्र आले की हुडहुडी भरते आणि हात कामाला साथ देत नाहीत.

गमबूट बोटीच्या निसरड्या फळीवर ठीक, पण एक माप सैल घ्या, म्हणजे पाण्यात पडलं तर पाय झटकून काढता येतात. रेनकोटची पँट बुटाच्या बाहेरून सोडा, आत खोचू नका. खाडीत अनवाणी उतरू नका. कालवांच्या कडा ब्लेडसारख्या असतात आणि चिखलात पाकट बसलेलं असू शकतं. पाय उचलून टाकण्यापेक्षा सरकवत चाला, पाकट बाजूला होतं.

पायाला जखम असताना शेताच्या, ओढ्याच्या साचलेल्या पाण्यात जाणं टाळा. उंदीर आणि गुरांच्या लघवीतून पाण्यात येणारा लेप्टोस्पायरोसिस जखमेतून शरीरात शिरतो. पाण्यात जाऊन आल्यावर काही दिवसांनी ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं असं झालं, तर डॉक्टरांना पाण्यात उतरलो होतो हे आवर्जून सांगा. घरात शुगरचा रुग्ण असेल तर त्याने रोज रात्री तळपाय बघून घ्यावेत.

दुकानात पाच मिनिटांची तपासणी

1. कोट उलटा करा. खांदे, काख, टोपी यांच्या शिवणींवर आतून टेप आहे का बघा.
2. नेहमीच्या कपड्यांवर, एक माप मोठा घालून बघा. अंग आणि कोट यांच्यात मूठभर जागा हवी, वारा तिथूनच फिरतो.
3. दोन्ही हात डोक्यावर न्या. कंबर उघडी पडते का? मग खाली बसा. पँट मांडीत ताणते का?
4. बाह्यांचं तोंड आवळता येतं का? हात वर करून जाळं ओढताना पाणी मनगटातून कोपरापर्यंत उतरतं.
5. काखेत चेन, किंवा पाठीवर जाळीची झापड आहे का? नसेल तर तो कोट आपल्या हवेचा नाही.
6. चेन प्लास्टिकची घ्या. साधी लोखंडी चेन खाऱ्या हवेत एका मोसमात गंजते. चेनवर झापड हवी.
7. दुकानदार हो म्हणाला तर कापडाची वाटी करून त्यात थोडं पाणी ओता, आणि दोन मिनिटांनी खालून हात लावून बघा.

जपणूक: तीन मोसम टिकवायचा असेल तर

घरी आल्यावर कोट गोड्या पाण्याने धुवा. मीठ वाळलं की त्याचे खडे लेपाला घासतात. साबण सौम्य आणि थोडा, ब्रश मऊ. कडक डिटर्जंट, गरम पाणी, इस्त्री नको. डिझेलचा डाग पडला तर लगेच पुसा.

वाळवायचा सावलीत, वाऱ्यावर, आधी उलटा आणि मग सुलटा. ओला कोट घडी करून पिशवीत कोंबला तर आतला लेप दमटपणाने चिकट होतो आणि पापुद्रे सुटतात. बरेच कोट पावसात नाही, कपाटात मरतात. मोसम संपल्यावर घडी न करता हँगरला टांगा.

छोटं भोक पडलं तर फेव्हिक्विक लावू नका. ते कडक होतं आणि घडीवर मोडतं. पीव्हीसीला त्याच जातीचा तुकडा पीव्हीसीच्या गोंदाने आतून लावा. नायलॉनला रेनकोटसाठी मिळणारी चिकटपट्टी लागते. चिकटवण्याआधी जागा धुऊन पूर्ण कोरडी करा.

कोट दसऱ्याला माळ्यावर टाकू नका. फयान वादळ नोव्हेंबर 2009 मध्ये आलं होतं, तौक्ते मे 2021 मध्ये. दोन्ही वेळा नेहमीचा पावसाळा नव्हता.

रेनकोट काढायची वेळ आणि न निघायची वेळ

काम करताना डोकं दुखू लागलं, चक्कर, मळमळ, पोटऱ्यांत गोळे आले, तर पाऊस असला तरी कोट काढा. आडोशाला बसा, वारा घ्या, पाणी आणि ओआरएस घोट-घोट प्या. माणूस बरळायला लागला किंवा शुद्ध हरपत असेल तर वेळ घालवू नका, अंग पाण्याने ओलं करून वारा घाला आणि 108 ला फोन करा. पावसात तहान लागत नाही, पण घाम जातच असतो. दर अर्ध्या तासाने दोन-चार घोट पाणी पिण्याची सवय लावा.

जूनच्या सुरुवातीला आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात गडगडाट जास्त असतो. उघड्या किनाऱ्यावर, होडीत, किंवा हातात लांब काठी धरून बसलेला माणूस विजेला सगळ्यात जवळचा. कार्बनची काठी तर वीज वाहून नेते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' ॲप जवळ पडणाऱ्या विजेची सूचना देतं. गडगडाट ऐकू आला की गळ खाली ठेवा आणि पक्क्या घरात जा, झाडाखाली नव्हे. रबरी बूट आणि रेनकोट विजेपासून वाचवत नाहीत.

हवामान खात्याने मच्छिमारांनी समुद्रात जाऊ नये असं सांगितलं असेल, तर तो दिवस घरी काढा. एका दिवसाची रोजी बुडते हे खरं आहे, आणि हातावर पोट असलेल्या घराला ते जड जातं हेही खरं आहे. पण त्या वाऱ्याला पुरून उरेल असा रेनकोट कुठल्याच दुकानात मिळत नाही. समुद्रावर अडचण आली तर तटरक्षक दलाचा क्रमांक 1554 आहे. तो प्रत्येक खलाशाच्या फोनमध्ये आणि घरातल्या भिंतीवरही लिहिलेला असावा. फोन जाड प्लास्टिकच्या बंद पिशवीत, गळ्यात अडकवून ठेवा. कोटाच्या खिशात तो भिजतो.

थोडक्यात

हलका, सैल, काखेत हवा घेणारा, शिवणींना टेप असलेला, केशरी किंवा पिवळा कोट. बोटीवर जात असाल तर कमरेखाली जाड पँट आणि कोटावरून लाइफ जॅकेट. आत लवकर वाळणारा टीशर्ट, पायात कामाप्रमाणे सँडल किंवा सैल गमबूट. घरी आल्यावर गोड्या पाण्याची धुणी आणि सावलीत वाळवण.

माणूस भिजला तर टॉवेल आहे, गरम चहा आहे. तो सलामत घरी आला पाहिजे. यंदा खरेदीला जाल तेव्हा आधी लाइफ जॅकेटचे पैसे बाजूला काढा, आणि उरलेल्यात रेनकोट बघा.